उल्कावीराच्या डोळ्यात भिवापुरी

अंकुश रामटेके रस्त्याने निघाला की कुत्रीसुद्धा शिंकतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. नागपुरात इंदोऱ्याला त्याची मिरची कांडायची गिरणी आहे. फेब्रुवारी ते मे हे वर्षाचं तिखट करून ठेवायचे दिवस. त्या दिवसांत अंकुशच्या कपड्यांवर, केसांत, भुवयांवर, एवढंच काय मोबाइलवरही लाल भुकटीचा थर असतो. बँकेत तो रांगेत उभा राहिला की पुढची चार माणसं खोकत खोकत बाजूला होतात आणि त्याचं काम लवकर होतं. बायको, भावना, त्याला मागच्या दारानेच आत घेते. आधी न्हाणी, मग घर. लग्नाला चौदा वर्षं झाली, हा नियम एकदाही मोडलेला नाही.

स्वतः अंकुश मात्र शिंकत नाही आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही येत नाही. गिऱ्हाइकाने मिरची आणली की तो पोत्यातली एक उचलतो, देठ मोडतो आणि काकडी खावी तशी कचाकचा खाऊन सांगतो, "काकू, अर्धीच भिवापुरी हाय हे. अर्ध्या पोत्यात दुकानदारानं दुसरीच भरली तुमाले." त्याचा अंदाज कधी चुकत नाही. कामठीच्या बायका शेअर ऑटोत मिरचीचं पोतं मांडीवर घेऊन, ऑटोवाल्याची बोलणी खात त्याच्याकडे येतात, त्या या जिभेसाठी. आणि ही जीभ काही त्याला जन्मजात मिळालेली नाही. ती टीव्हीवरच्या एका मालिकेने घडवली.

मालिकेचं नाव 'उल्कावीर'. अंकुश तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि भिवापूरला राहायचा. रविवारी सकाळी अख्खी गल्ली शेजारच्या घरातल्या टीव्हीपुढे कोंबलेली असायची. निळी घट्ट चड्डी आणि चंदेरी बूट घातलेला उल्कावीर दर भागात एकदा तरी आग गिळायचा. दुष्टाने आगीचा गोळा फेकला की तो आ करायचा, गोळा अख्खाच्या अख्खा आत जायचा, गाल लाल उजळायचे. मग तो कमरेवर हात ठेवून विचारायचा, "और है क्या?" समर कुमार नावाचा नट ते काम करायचा. अंकुशच्या लेखी तो नट नव्हता. तो आग गिळणारा माणूस होता आणि आपणही मोठेपणी तेच करायचं, हे अंकुशचं ठरलेलं होतं.

सरावाला आग मिळेना. चुलीजवळ गेलं की आईचा धपाटा बसे. पण आई, भीमाबाई, मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवून निवडायच्या आवारात, देठ खुडायला जायची, त्यामुळे घरात मिरचीला तोटा नव्हता. पहिल्या दिवशी अंकुशने एक मिरची खाल्ली, गल्लीला तीन फेऱ्या मारल्या आणि शेजाऱ्यांच्या म्हशीच्या टाक्यात डोकं घातलं. म्हैस नंतर दोन दिवस त्या टाक्याचं पाणी प्यायली नाही. पण गडी मागे हटला नाही. वर्षाच्या आत तो रोज पाच मिरच्यांवर आला.

"काहून खाऊन राहिला गा?" आई डोकं धरून विचारायची. "पोटात भगदाड पडन!"

"मी आग गिळून राहिलो," अंकुश सांगायचा आणि कमरेवर हात ठेवायचा.

मालिका संपली, जीभ उरली. आधी भिवापुरातल्या व्यापाऱ्यांनी त्याला मिरची पारखायला बोलावलं, मग तो नागपूरला आला आणि गिरणीचा मालक झाला. सगळं छान झालं. फक्त लग्नानंतर आठवडाभरात भावनाने एक वाक्य टाकलं आणि त्याच्या सुखात मिठाचा खडा पडला. "तो टमाटर होता," ती म्हणाली. "आतमंदी बल्ब लावलेला. मले लहानपणीच कळलं होतं."

भांडण झालं. मग दर वर्षी होत राहिलं. दिवाळीला, पाहुण्यांसमोर, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत. "एक दिवस मी त्यालेच विचारीन," असं अंकुश दर वेळी म्हणायचा. वरून तो तावातावाने बोलायचा, पण आत त्याला खरोखरची भीती होती. टमाटर असला तर? आपण नऊ वर्षांच्या जिभेची राख केली, ती एका भाजीपायी? कधी कधी गिरणीच्या खडखडाटात हा विचार यायचा आणि त्याचं मन खट्टू व्हायचं.

यंदाच्या मार्चमध्ये मारोतरावांनी कामठी रोडवर मोठं किराणा दुकान काढलं. मारोतराव म्हणजे अंकुशचं तिखट विकणारा जुना व्यापारी, हौशी माणूस. त्यांनी उद्घाटनाला कोणाला बोलवावं? समर कुमारला! अंकुशने ते बॅनर पाहिलं आणि गाडी सरळ दुभाजकावर चढवली.

"दोन मिनिटं देतो तुले," मारोतराव म्हणाले. "मागच्या ऑफिसात भेट, फोटो काढ आन निंघ. माणूस थकला हाय आता."

त्या दिवशी अंकुशने तीनदा आंघोळ केली. एकदा साबणाने, एकदा बेसनाने, एकदा लिंबाने. नवा पांढरा शर्ट घातला. भावनाने त्याच्या मानेशी नाक नेऊन हुंगलं आणि ती शिंकली नाही. "जा," ती म्हणाली. "आन विचारूनच या. टमाटर हाय ते."

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने अर्धा किलो भिवापुरी तिखट नेलं. स्वतः कांडलेलं, दोनदा चाळलेलं. त्याच्याकडे देण्यासारखं त्याहून चांगलं काही नव्हतं.

समर कुमार ऑफिसात पंख्याखाली बसला होता. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, अंगात चंदेरी जाकीट आणि डोक्यावर काळ्याभोर केसांचा टोप. अंकुशने त्याला पाहिलं आणि प्रश्न पार विसरला. तोंडातून एवढंच निघालं, "सर... जय भीम सर... तिखट."

"अरे वाह, क्या लाए हो?" हसून समर कुमारने हात पुढे केला.

हात पुढे आला आणि अंकुशची सवय जागी झाली. गिरणीवर तिखट दाखवायची एक पद्धत असते. पुडा फोडायचा, गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूट ठेवायची आणि अंगठ्याने रगडायची. रंग चढतो, वास सुटतो, गिऱ्हाईक हुंगून मान डोलावतं आणि घरी जाऊन हाताला तेल लावेपर्यंत तो हात प्लॅस्टरमध्ये असल्यासारखा लांब धरून चालतं. इंदोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. उल्कावीराला कोणी सांगितलं नव्हतं. अंकुशने पुडा फोडला, त्याचा तळहात धरला आणि रगडून म्हणाला, "रंग देखो सर. एक नंबर!"

मार्चचं ऊन, त्यात डोक्यावर टोप. घामाचा एक थेंब कपाळावरून निघाला आणि डोळ्याशी आला. समर कुमारने तो पुसला. त्याच हाताने. मग दुसरा डोळाही पुसला.

"आई गंऽऽ! मेलो! मेलो गं आई!"

अंकुश जागच्या जागी थिजला. उल्कावीर मराठी आहे! अठ्ठावीस वर्षं ज्याच्या हिंदीवर जीव टाकला, तो आग लागल्यावर मराठीत ओरडत होता. पण हा आनंद साजरा करायची ती वेळ नव्हती.

"डोळ्याले हात लावू नका सर!" त्याने मनगटं पकडली. मिरचीने पोळलेली शंभर माणसं त्याने आजवर हाताळली होती, त्यामुळे एकदम त्याचा आवाज बदलला. दुकान किराण्याचं, सामान हाताशी. तेलाची पिशवी दातांनी फाडून त्याने आधी नटाचे हात चोळले, साबणाने धुतले, मग डोळ्यांवर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या. शेवटी त्याला तांदळाच्या पोत्यांवर आडवं केलं आणि थंड दुधात भिजवलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवला. या गडबडीत टोप निघून साबुदाण्यात पडला. मारोतराव दाराशी उभे राहून बाहेरच्या गर्दीला सांगत होते, "साहेब ध्यानाला बसले हाय!"

"अजून किती वेळ?" रुमालाखालून क्षीण आवाज आला.

"वीस मिनिटं सर. हालले नाही तं पंधरा."

"तुम्हाला कसं काही होत नाही हो?"

मग अंकुशने सगळं सांगितलं. नऊ वर्षांचा तो, पाच मिरच्या, म्हशीचं टाकं, सगळं.

"तुम्ही खऱ्या मिरच्या खाल्ल्या? माझ्यामुळे?"

"हो सर."

"अरे देवा. मला पोह्यातली मिरची बाजूला काढावी लागते. सुमंत फणसळकर माझं खरं नाव. दापोलीचा मी. आमच्याकडे आमटीत गूळ."

आता विचारायचं नाही तर कधी? अंकुश म्हणाला, "सर, तो टमाटर होता का?"

फणसळकर उठूनच बसले. "टोमॅटो? कोण म्हणतं?"

"आमच्या मिसेस."

"बुंदीचा लाडू," ते खाली पडत म्हणाले. "शेंदरी रंगाचा, अख्खा. चावायचा नाही. चावला की गाल हलतो, गाल हलला की पुन्हा नवा लाडू. कधी कधी दिवसाला दहा गिळलेत. घसा सोलून निघायचा, डोळे बाहेर यायचे आणि वर हसून 'और है क्या' म्हणायचं. एकशे चार भाग झाले आणि डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली. तेव्हापासून गोड बंद. तिखट कधी नव्हतंच. दहीभात खातो." त्यांनी डोळ्यांवरचा रुमाल सारखा केला. "कोणाला सांगू नका हो. लोक अजून विचारतात. मी सांगतो, आगच होती."

आपल्याला वाईट वाटेल असं अंकुशला वाटलं होतं. वाटलं नाही. दुधाच्या रुमालाखाली निजलेल्या त्या टकल्या माणसाविषयी त्याला इतकी माया दाटून आली की तो उगाचच साबुदाण्यातला टोप झटकत बसला.

"नाही सांगत," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने समर कुमार बाहेर आला. डोळे लालभडक, कडा सुजलेल्या. गर्दीतून आवाज उठला, "पाह्य ना बे, डोळ्यात अंगार हाय अजून!" शिट्ट्या पडल्या. फीत कापून त्याने कमरेवर हात ठेवले आणि गरजला, "और है क्या?" तेवढ्यात त्याची नजर अंकुशकडे गेली आणि त्याने हात झटकन पाठीमागे लपवले. फोटो काढायचा दोघांनाही आठवला नाही.

संध्याकाळी अंकुश घरी आला, मागच्या दाराने, न्हाणी आटोपून. भावना वाटच पाहत होती. "विचारलं? टमाटर होता ना?"

अंकुशने पिशवीतून मिठाईचा डबा काढला, त्यातला एक बुंदीचा लाडू उचलला, आ केला आणि अख्खा आत सारला. चावला नाही. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. लाडू घशात अडला, तो ओट्याला धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चौदा वर्षांत भावनाने हे कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारू लागली. "चावा ना मंग! काहून मरून राहिले?"

लाडू एकदाचा खाली उतरला. अंकुशने श्वास घेतला आणि बाहीने डोळे पुसले.

"आगच होती वं," तो म्हणाला. "लई अवघड काम हाय."

भावनाने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचे गाल अजून लाल होते. ती त्याच्या शेजारी ओट्याला टेकली आणि तिने हात पुढे केला.

"असन," ती म्हणाली. "मले बी द्या एक आग."