साध्या पोत्यातली ज्वारी

आमच्या पंचक्रोशीला फसवलं ते इथल्याच बागायतदारांनी, आणि त्या फसवणुकीवर शिक्का मारला तो आराखडा करायला आलेल्या साहेबांनी.

शिरूर-दौंड रस्त्यावर माझं भुसार मालाचं दुकान आहे. सायकलवर गोणी लादून सुरुवात केली. भावात मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही. ज्वारी मी सोलापूरकडून आणतो, कारण घोड धरणाचं पाणी मिळाल्यापासून इथं जिकडंतिकडं ऊस. पण ज्वारी विकत घेतो म्हणायची इथल्या बागायतदाराला लाज वाटते. तो मागच्या दाराला गाडी लावतो आणि दुकानाचं नाव छापलेलं पोतं नको, साध्या पोत्यात भरून द्या म्हणतो. घरी थप्पी लागली की ती शेतातलीच म्हणून सांगायला मोकळा. मीही वर्षानुवर्षं पोती बदलून दिली.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत सरकारी बैठक झाली. पाऊस बेभरवशाचा झालाय, बाहेरचं धान्य थांबलं तर तालुका किती दिवस स्वतःचं खाईल, याचा आराखडा करायचा होता. आलेले साहेब एकेकाला उभं करून घरात ज्वारी किती दिवसांची आहे ते विचारत होते. पहिले उठले आप्पा, गावातले सगळ्यात मोठे ऊसवाले.

"घरचीच हाय. वरीसभर पुरंल."

त्याच आठवड्यात त्यांची गाडी माझ्या मागच्या दारातून भरून गेली होती. आप्पांनी वर्ष सांगितल्यावर बाकीचे कमी कसे सांगणार?

माझं डोकं फिरलं. उभा राहून म्हणालो, "साहेब, ही सगळी ज्वारी माझ्या दुकानातली आहे. शिवारात चला, मला ज्वारीचं एक ताट उभं दाखवा."

मागून कोणीतरी म्हणालं, "शेठला भाव चढवायचा हाय." सगळे हसले. साहेबही हसले, आणि माझं बोलणं त्यांनी लिहूनच घेतलं नाही. महिनाभर माझ्या मागच्या दाराला कोणी फिरकलं नाही. मग गाड्या पुन्हा लागल्या आणि मी पुन्हा पोती बदलू लागलो.

यंदा सोलापूरकडं ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला. कणसं ताटावरच काळी पडली. ओळखीच्या एकेका आडत्याला फोन लावला. मी, घासाघीस करणारा, म्हणाल तो भाव देतो म्हणालो. माल नाही, एवढंच उत्तर. फोन ठेवून आत गेलो. गोदामात भिंतीकडंची एक थप्पी उरली होती. गहूही बाहेरचा, तांदूळही बाहेरचा. उद्या तिकडंही असंच झालं तर? दारापासून नदीपर्यंत हिरवागार ऊस दिसत होता.

परवा भर दुपारी आप्पा पहिल्यांदाच पुढच्या दारानं, सगळ्यांदेखत आले. मी खवचटपणे म्हणालो, "आप्पा, आराखड्यात तुमच्याकडं वर्षाची ज्वारी आहे."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"सून भाकरी मोजून थापती," ते म्हणाले. "दे बाबा, कुठल्याबी पोत्यात."

माझ्या दुकानाचं नाव असलेलं पोतं ते उघडपणे घेऊन गेले. आप्पांनी आपल्या खोट्याचं उत्तर दिलं. साहेबांची बदली झाली म्हणतात. जिथं असतील तिथून त्यांनी त्याच शाळेत यावं, आराखडा उघडावा आणि आम्हाला दाखवावं, ती वर्षभराची ज्वारी कुठं आहे.