पालीची पहिली सही

भोरमध्ये शिलाई मशीन बिघडलं, की लोक गंगाधरकडे जात. तीस वर्षांत त्यानं दुसरा धंदा केला नाही. मशीन आलं की त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नाव आणि दिवस लिहायचा आणि दिलेल्या दिवशी ते परत करायचं. दिलेला दिवस चुकला तर तो दोन वेळा माफी मागे. अशा माणसाला ताटकळत बसणं सोसत नाही.

त्याचं दुकान भाड्याचं होतं. मालकानं इमारत पाडायला काढली आणि डिसेंबरअखेर जागा रिकामी करा, असं सांगितलं. तेव्हा मंगलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विंझरच्या रस्त्यालगतचा गाळा शोधून काढला. निम्मी गिऱ्हाइकं वेल्ह्याकडचीच होती, त्यामुळे जागा सोयीची होती. गाळा फुलाबाईंचा. नवरा गेल्यावर त्या लेकीकडे कोल्हापूरला राहायला निघाल्या होत्या. गाळा त्यांचा असला तरी खालची जमीन गावच्या देवस्थानाची होती. नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, त्यातली अडतीस सरलेली. नाव बदलायचं तर तिन्ही पंचांच्या सह्यांचं ना-हरकत पत्र लागे. त्याशिवाय दस्त नोंदला जात नसे.

गंगाधरनं सप्टेंबरात अर्ज दिला. पंचांची बैठक पौर्णिमेला असते. पहिल्या पौर्णिमेला एका पंचाच्या घरी सुतक होतं. दुसरीला भातकापणी. तिसरीला बैठक झाली, अर्ज मान्यही झाला, पण शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली पुण्याला गेली होती. गंगाधर दर दोन दिवसांनी फोन करी आणि दर वेळी त्याला तेच उत्तर मिळे, "होईल, काळजी करू नका." एवढं ऐकलं की त्याची काळजी दुप्पट होई. जेवताना घास हातात धरून तो तारखा मोजत बसे. मंगल म्हणे, आधी घास गिळा, मग महिना गिळा.

अखेर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चिटणीस इंद्रजितनं पत्र टाइप करून, शिक्का मारून हातात दिलं. इंद्रजित स्वतः एक पंच आणि भोरच्याच कॉलेजात नोकरीला. त्यानं तिथल्या तिथं सही केली. आता सह्या तुम्हीच फिरून घ्या, असं सांगून तो मोकळा झाला. गंगाधरनं वाटेचा विचार केला. महामार्गावर कामथडीला रखमाजी, तिथून पुढे नसरापूर, विंझर आणि शेवटी राजगडाच्या पायथ्याला पालीत चिमाजी. वाटेतलं आधी उरकावं, लांबचं शेवटी, हा त्याचा साधा हिशेब. कामथडीला रखमाजींनी शेताच्या बांधावर बसूनच सही केली. वर ऊसही दिला.

पालीत चिमाजींचा ओटा शेणानं सारवलेला, त्यावर घोंगडी अंथरलेली. ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्यानं पत्र डोळ्यांशी नेलं. सह्यांवर बोट ठेवलं.

"ह्या दोगांनी आदी केली व्हय?"

गंगाधरनं वाटेचं गणित समजावून सांगितलं.

"वाट सरळच हाये. पर देवाच्या उत्सवात पहिला नारळ आमच्या घरचा फुटतो. सहीबी पहिली आमची. माज्या बापाची होती, आता माजी. ह्या कागदावर मी न्हाई करायचा."

कागदावर वरची ओळ रिकामी ठेवली होती. गंगाधरनं ती दाखवली. चिमाजी म्हणाले, जागा हाये, येळ गेली. चंद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला आणि नवऱ्याच्या बाजूनं मान हलवली. म्हणजे इथं दाद लागणार नव्हती.

परतताना एसटीत गंगाधरनं पत्र पुन्हा दोनदा वाचलं. घरी पोचला तोच फुलाबाईंचा फोन. शेजारचा खतवाला गाळ्यासाठी रोज येतोय. रविवारी गाडीचं तिकीट आहे. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही, तर त्या त्याला शब्द देणार. त्या रागावल्या नव्हत्या.

मंगल म्हणाली, म्हाताऱ्याचा राग कागदावर आहे, तुमच्यावर नाही. त्याचा मान त्याच्या घरी जाऊन द्या.

गुरुवारी गंगाधरनं इंद्रजितकडून सह्या नसलेलं नवं पत्र काढून घेतलं. पण नुसता कागद नेऊन भागणार नव्हतं. बाकी दोघांनी माझ्या ओट्यावरच, माझ्यामागून सही करायची, असा चिमाजींचा निरोप आला. इंद्रजितला रजा मिळेना. रखमाजी म्हणाले, एका सहीसाठी दोनदा घोड्यावर बसायला मी काही नवरदेव नाही. शुक्रवार गेला. शनिवारी इंद्रजित अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. गंगाधरनं त्याला जीपमध्ये घातलं, कामथडीला थांबला आणि रखमाजींच्या बांधावर उभा राहून एवढंच म्हणाला, "रखमाजी, आज नाही झालं, तर माझ्या दुकानाला जागा उरणार नाही." रखमाजींनी खुरपं ठेवलं आणि पायताण चढवलं.

पालीत पोचले तेव्हा चार वाजले होते. चिमाजींनी घाई केली नाही. पाणी झालं, चहा झाला, रखमाजींच्या म्हशीची चौकशी झाली. गंगाधर ओट्याच्या कडेला अवघडून बसून राहिला. मग म्हाताऱ्यानं अख्खं पत्र वाचलं.

"किती वरसं ऱ्हायली म्हनं?"

"एकसष्ट."

"लई हाईत," चिमाजी म्हणाले आणि वरच्या ओळीत सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. खाली रखमाजींनी केली, मग इंद्रजितनं.

गंगाधर पायवाटेवर येऊन फोनला रेंज शोधू लागला. फुलाबाईंनी फोन उचलताच त्यानं सांगून टाकलं, पत्र झालं. त्यांनी विचारलं, "आदी पालीची झाली ना सही?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आमच्या ह्यांनी गाळा घेतला तवा तेबी असंच हिंडले. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की. तुमी तारखाच इचारीत व्हता." पलीकडे कुणाशी तरी बोलून त्या परत फोनवर आल्या. "खतवाला हितंच बसलाय. जा म्हनते त्याला. सोमवारी दस्त करू, तिकीट मी पुढं ढकलते."