सिद्धाराम सरांची चार मानांची गाडी

सिद्धाराम सर वर्कशॉपात शिरायच्या आधी त्यांचं खाकरणं शिरायचं. मग किल्ल्यांचा खुळखुळाट. मग, "कोन हाय बे तिथं? हात काढ." हात कुठंच घातलेला नसायचा, तरी आम्ही काढायचो.

माणूस मूळचा युसूफ वडगावचा. घरी किराणा. तागडी भावाच्या अंगावर टाकून हा लेथ शिकायला पळाला, तेव्हापासून भावाशी अबोला. बीडला आमच्या पॉलिटेक्निकात वर्कशॉपचा मास्तर झाला आणि अबोला ठेवायला आणखी माणसं मिळाली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, उन्हातसुद्धा न फिसकटलेले. हसताना कुणी पाहिलेलं नाही. आमची प्रोग्रॅम लिहिणारी ईश्वरी म्हणायची, एकदा हसले होते, तानाजीचं बोट पक्कडीत सापडलं तेव्हा.

तानाजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांचा भाचा, आमच्या रोबोट संघाचा कप्तान. पुण्यातल्या स्पर्धेला जायचं ठरलं आणि त्यानं नेट कॅफेतून एका रोबोट गाडीचं चित्र छापून आणलं. साध्या गाडीची चाकं पुढं-मागं जातात. ह्या गाडीचं प्रत्येक चाक आपल्या मानेवर गरकन वळतं, म्हणून गाडी तोंड न फिरवता आडवी, तिरकी कशीही पळते. चाक, मान, दोन मोटारी, गिअर, असा एकेक संच म्हणजे मॉड्यूल. असे चार लागतात.

"पुण्यात तयार मिळतेत, सर. हलके हायत."

"मिळतेत. अन् मैदानात गिअर मोडला की मग? पुण्याला पळतो का मोडका दात घिऊन? कावून आयतं पायजे तुला? मी करतो."

"तुमचे लई जड होतील."

"तानाजीराव, तुमच्यापेक्षा हलके होतील."

भांडण मोहनरावांपुढं गेलं. ते पान चघळत म्हणाले, "दसऱ्याच्या मुहूर्तावर मैदानात चालवून दाखवा. चाललं तर वर्कशॉप तुमचं. न्हाई चाललं तर किल्ल्या तानाजीकडं अन् तुमी स्टोअरला." स्टोअर म्हणजे मोडक्या बाकांची आणि तेल-ग्रीसच्या साठ्याची खोली. सरांचा चेहरा त्या दिवशी भस्मापेक्षा पांढरा झाला, आणि तानाजीला लगेच भूक लागली.

पुढचे दिवस आम्हाला शिव्यांवर काढावे लागले. सरांनी चाकांना साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्याचं रबर चढवलं, वजन उतरवायला पत्र्यांना भोकं पाडली. रोज चालवून झाली की चारी मॉड्यूल उघडायचे, स्क्रू आवळायचे, दात ब्रशनं झाडायचे. मी ग्रीस जरा जास्त घेतलं तर, "लाडू वळायलास का बे?" कमी घेतलं तर, "तुझ्या बापाचं जातंय का?"

सगळ्यात जीव मानेतल्या चकतीवर. तिला बारीक फटी, फटीतून उजेड आरपार जातो आणि मान किती वळली ते मोजलं जातं. त्या चकतीपायी वर्कशॉपात खडू बंद, चिवडा बंद. "धूळ म्हंजे त्येच्या डोळ्यात मोतीबिंदू. समजलं का न्हाई?" ही ओळ मी कँटीनमध्ये हुबेहूब म्हणायचो आणि फुकट चहा मिळवायचो.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. लेथ, ड्रिल, पान्हे सगळं मांडलं. सरांनी चारी मॉड्यूल पुढं ठेवले आणि वरची झाकणं काढली.

ईश्वरी म्हणाली, "सर, झाकणं राहू द्या ना."

"देवाम्होरं तोंड झाकून बसवतेत का कुनाला? तू प्रोग्रॅम बघ तुझा."

मग ओल्या भस्माचे तीन पट्टे, प्रत्येक मॉड्यूलच्या आतल्या पट्टीवर, चकतीच्या बरोबर वर. ते रात्रभर वाळले. सकाळी सरांनी स्वतःच्या हातानं झाकणं बसवली.

दसऱ्याला मैदानात गावजेवणाएवढी गर्दी. मोहनराव खुर्चीत. गाडी सरळ निघाली, लोक वा वा म्हणाले. आडवी घेतली, आणि मागचं डावं चाक हिसडा मारून उलटं वळलं. तीन चाकं एकीकडं ओढतात, चौथं दुसरीकडं. गाडी जागच्या जागी थरथरत रबर जाळायला लागली.

"वायर हालली," सर ओरडले. "तानाजीनं लावली हुती ती वायर."

तानाजीनं त्या चाकाचं झाकण उघडलं आणि मॉड्यूल उलटा केला. मोहनरावांच्या खुर्चीपुढं अंथरलेल्या सतरंजीवर पांढरी भुकटी पडली. त्यानं सरांच्या कपाळाकडं बघितलं, मग मामाकडं.

"काय हाय ते?" मोहनरावांनी विचारलं.

शेवटी सरच म्हणाले, "भस्म हाय."

"कुनी लावलं?"

"मी."

"बरं," म्हणून मोहनराव उठले आणि जीपमध्ये बसले.

सरांनी खाली बसून ब्रशनं फटी झाडल्या. गाडी पुन्हा लावली. ती आडवी गेली, तिरकी गेली, लोण्यासारखी. मोहनरावांच्या जागी बघायला जीपची धूळ तेवढी होती. सरांनी किल्ल्यांचा जुडगा तानाजीच्या पायाशी टाकला, हातात दिला नाही.

तानाजीनं पुण्याहून तयार मॉड्यूल आणले. खरंच हलके निघाले, आणि आठवड्यात करकरायला लागले. वर्कशॉपातलं ग्रीस संपलेलं. तो मला घेऊन स्टोअरला गेला. सिद्धाराम सर मोडक्या बाकावर बसलेले, मागं ग्रीसचे डबे रांगेत.

"सर, ग्रीस पायजे हुतं जरासं."

"अर्ज आण. प्राचार्यांच्या सहीचा."

"प्राचार्य रजेवर हायत, सर."

"मला ठावं हाय की," सर म्हणाले, आणि पेपर उघडून वाचायला लागले.