सासूबाई जप्त झाल्या त्याची गोष्ट

माझ्या सासूबाईंना एकदा फायनान्स कंपनीने उचलून नेलं होतं. नंतर परत दिलं. खरं सांगायचं तर घ्यायला आम्ही जेवढे उतावीळ होतो, त्याहून द्यायला ते लोक जास्त उतावीळ होते.

मी चौलला राहतो आणि हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. 'नागरिकांची कर्तव्ये' हा धडा मी इतक्या तळमळीने शिकवतो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा दचकून जागी होतात. अशा मी माझ्या मेव्हण्याकडून, म्हणजे माझी बायको सुरेखा हिच्या धाकट्या भावाकडून, नंदूकडून त्याची गाडी विकत घेतली आणि ती नावावर मात्र करून घेतली नाही.

नंदूने एकदा विषय काढला होता. "भावोजी, पेणला आरटीओत एक खेप घालू या का?"

"अरे, घरातली गाडी घरातच आली. आपल्यात कागद कसले?" मी म्हणालो.

हे बोलताना मला फार मोठ्या मनाचं वाटलं. नंदूनेही सुटकेचा श्वास सोडला. तो का सोडला हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. गाडीच्या आरसीवर एका फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं होतं. म्हणजे गाडी कर्जावर घेतलेली होती आणि कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर कंपनीचा बोजा होता. ते कार्ड मी रोज खिशात घेऊन फिरायचो. फिरवायचोच, वाचायचो नाही. (कागद वाचल्याशिवाय सही करू नका, हे वर्गात सांगायचो ते वेगळं.)

नंदू मुंबईला नोकरीला. एका रविवारी तो भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला येणार होता. सासूबाई त्यांच्या गावाहून, तळ्याहून, आमच्याकडे आलेल्या होत्या. लेक येणार म्हणून त्यांनी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुक्या जवळ्याची चटणी केली आणि टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

रेवसला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोगं जा धक्क्यावर. माझं गुडघं न्हाय चालायचं. मी हितंच पडते."

मी जावयाचं कर्तव्य म्हणून एसी चालू ठेवला, चावी गाडीतच राहू दिली. त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि गार वाऱ्यापायी डोक्यावरून चादर ओढून घेतली. आम्ही नवरा-बायको धक्क्यावर गेलो. लाँच आली, नंदू उतरला, त्याच्या पिशव्या घेऊन आम्ही परत आलो. गाडी उभी होती त्या जागी एक कुत्रं झोपलं होतं.

"गाडी गेली," मी ओरडलो.

"आई," सुरेखा ओरडली.

आम्ही दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं होतं, तरी कोण काय ओरडलं याचा हिशेब सुरेखाने अजून ठेवलाय.

पोलीस चौकीत हवालदारांनी आम्हाला पाणी दिलं. मग विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?"

"याच्या," मी नंदूकडे बोट दाखवलं.

"मग तुम्ही कोण?"

"मी ती विकत घेतली आहे."

"कागद?"

"घरातलाच व्यवहार आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "काय करता आपण?"

"शिक्षक," मी म्हणालो. विषय सांगितला नाही.

त्यांनी गाडीचा नंबर घेऊन दोन फोन लावले आणि म्हणाले, "चोरी नाही झालेली. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीच्या माणसांनी उचललीय. आम्हाला तसं कळवलंय त्यांनी."

"आणि आईचं?" सुरेखाने विचारलं.

"आईचं काही कळवलेलं नाही."

सुरेखाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हप्ते थकवून तिच्या आईला तारण ठेवलं होतं. नंदू खिडकीबाहेर काहीतरी बघत होता. बाहेर भिंत होती.

पोयनाडच्या पुढे कंपनीचं यार्ड होतं. आम्ही रिक्षा करून तिथे गेलो. ओढून आणलेल्या गाड्यांची रांग होती आणि फाटकाजवळ, रांगेत न लागलेली, आमची गाडी उभी होती. आत सासूबाई. दारं आतून बंद, काच चार बोटं खाली. गाडी आणणारे दोन दांडगे बाहेर जमिनीवर मांडी घालून भाकरी आणि जवळ्याची चटणी खात होते.

यार्डाचे मॅनेजर धावतच आले. "मास्तर तुम्हीच ना? अहो, यांना उतरवा आधी. आमच्या माणसांनी चादर बघितली, त्यांना वाटलं सामान असेल. पोयनाडला सामान उठून बसलं आणि म्हणालं, ड्रायव्हर कधी ठेवला?"

"मग परत का नाही आणलंत?"

"त्याच नको म्हणाल्या. गाडी घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतात."

आम्हाला पाहून सासूबाईंनी काच आणखी दोन बोटं खाली केली.

"आलात जावयबापू? हप्तं भरायला जमत न्हाय तर गाडी कशाला उडवायची? माझ्या नंद्याची सोन्यासारखी गाडी. त्यानं माया केली, तुमाला दिली, आणि तुमी ही दशा केलीत. ह्या पोरांनी मला सगळं सांगितलं. पोरं गुणाची हायेत. तुमच्यापायी त्यांना उन्हातान्हात फिरावं लागतं."

दोन दांडग्यांनी चटणी पुसत माना हलवल्या.

मी नंदूकडे पाहिलं. तो एका टेंपोच्या नंबरप्लेटचा अभ्यास करत होता. मी बोललो असतो, पण सासूबाईंपुढे त्यांच्या लेकाला उघडं पाडणं मला जमेना. (शिवाय त्या मला बोलायला जागाच देत नव्हत्या.) शेवटी मॅनेजरच मध्ये पडले.

"मावशी, मास्तरांचा यात संबंध नाही. कर्ज नंदकुमार नावाच्या माणसाचं आहे. तीन नोटिसा गेल्यात त्याला."

सासूबाईंनी काच वर केली. मग दाराचं लॉक उघडल्याचा आवाज आला आणि त्या आपल्या आपण खाली उतरल्या. गुडघ्यांची तक्रार न करता नंदूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"व्हय रं नंद्या?"

"आई, मला वाटलं गाडीबरोबर हप्तेपण भावोजींकडे गेले," नंदू पुटपुटला. "नोटिसा आल्या तेव्हा कळलं. मग सांगायची लाज वाटली."

"आणि मला वाटलं, मी पैसे दिले तेव्हाच यानं कर्ज फेडलं," मी म्हणालो.

"मग येकमेकाला विचारलं का न्हाय?"

"बरं दिसलं नसतं," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

सासूबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एकाला जन्म दिला होता आणि दुसऱ्याला लेक दिली होती. कुठली चूक मोठी, हे त्यांना ठरवता येत नसावं.

परत येताना त्या रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि घरापर्यंत त्याच्याशीच बोलल्या.

नंदूने नव्या मोटरसायकलसाठी बाजूला ठेवलेले पैसे कंपनीत भरले. कमी पडले ते मी घातले. कंपनीकडून कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला, आरटीओत बोजा उतरला, गाडी सुटली. आता ती माझ्या नावावर करायची म्हणून मी अर्ज भरायला बसलो, तर सासूबाई म्हणाल्या, "ह्या दोगांच्याबी नावावर नको. माझ्या नावावर करा." सुरेखाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः अर्ज भरला. मी फक्त पेणला नेऊन आणायचं काम केलं.

परवा सासूबाईंना तळ्याला सोडायला निघालो होतो. नाक्यावर वाहतूक पोलिसाने हात केला. तरुण मुलगा, अदबीने वाकून म्हणाला, "साहेब, जरा कागद दाखवता का?"

मी कागद दिले. त्याने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "ही बाईंची गाडी आहे. तुम्ही कोण यांचे?"

मी उत्तर जुळवत होतो, तोवर मागून सासूबाई म्हणाल्या, "गाडी माझी हाय. ह्याला चालवायला ठेवलाय."

पोलिसाने कागद खिडकीतून मागे, सासूबाईंच्या हातात दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चल, लायसन दाखव."