खिडकीजवळची खुर्ची

बारा वर्षांनी शहरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा खुपलं ते हे की, माझ्यावाचून इथे कुणाचं काही अडलेलं नव्हतं. स्टँडसमोरच्या थिएटरच्या जागी गाड्या लावायची पाच मजली इमारत उभी होती. रोज सकाळी जिथे उभ्याने चहा प्यायचो, त्या टपरीला काचेची दारं आली होती. चौकातलं मोठं घड्याळ चक्क बरोबर वेळ दाखवत होतं. आमच्या वेळी ते सात मिनिटं मागे असायचं आणि अख्खं शहर ती सात मिनिटं धरून चालायचं.

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मात्र जागेवर होतं, आणि खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत भिंग्या बसला होता.

भिंग्याने आणि मी एकाच मास्तरांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. डोळ्याला लावलेलं भिंग काढायचं विसरून तो जेवायला बसायचा, एकदा तर तसाच न्हाव्याकडे जाऊन आला, म्हणून हे नाव. हात संथ. मी तीन घड्याळं हातावेगळी करायचो तोवर याचं एक कसंबसं उघडलेलं असायचं. म्हणून उजेडाची खुर्ची माझी आणि मागची, ट्यूबलाइटखालची, त्याची. मास्तरांनंतर दुकान मीच बघणार हे सगळे गृहीत धरून होते. मी तर जास्तच. मग मोठ्या शहरातल्या शोरूमची नोकरी चालून आली आणि मी गेलो. मास्तर वारले तेव्हाही आलो नाही. दुकान भिंग्याकडे गेलं.

गेल्या महिन्यात शोरूम बंद पडली. मी खुर्ची परत मागायला आलो होतो. पण तोंडाने सांगितलं की सुट्टी आहे, रविवारी परत जाणार.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. बोलका तो कधीच नव्हता. सकाळभर मी गिऱ्हाईकं बघत बसलो. एकाने त्याच्यासाठी परसातली लिंबं आणली. दुसऱ्याने मुलीला कुठल्या कॉलेजात घालू म्हणून विचारलं. ज्याला स्वतःचं भिंग सांभाळता येत नव्हतं, त्याला लोक सल्ला विचारत होते. माझ्या पोटात नुसतं दुखत होतं. त्यात केसही त्याचेच जास्त टिकलेले.

बाराच्या सुमारास एक म्हाताऱ्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांचं चावीचं चौकोनी घड्याळ मी लांबूनच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. घड्याळ मागे पडतंय, तुम्हीच बघा, असं त्याला बजावून त्या गेल्या. त्या वळल्याबरोबर भिंग्याने ते माझ्यासमोर ठेवलं.

"तू उघड. तुझ्याच हातचं आहे."

आमच्या दुकानाचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. माझी खूण त्रिकोण, त्याची टिंब. आणि खूण ज्याची, त्याने पुढचा महिनाभर दुकान सोडायचं नाही. तेवढ्यात घड्याळ परत आलं तर त्यानेच उघडायचं. मी मात्र जाण्याआधीच्या दोन दिवसांत एकोणीस घड्याळं उरकली आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो. ते एकोणीस मी पुढे कितीतरी जणांना कौतुकाने ऐकवले होते.

झाकण उघडलं. माझा त्रिकोण होता. त्याच्याखाली, तेवीस दिवसांनंतरच्या तारखेला, एक टिंब. पुढे दर दोन-तीन वर्षांनी टिंबच.

"काय झालं होतं याला?"

"तेल. एक थेंब जास्त."

तेल डोळ्याला दिसलं म्हणजे जास्त झालं, असं मास्तर ओरडायचे. घाईत ते कळत नाही. तीन आठवड्यांनी तेल पसरतं आणि घड्याळ रेंगाळायला लागतं.

"बाकीचीही आली होती?"

तो चिमटा पुसत राहिला. "आली."

"किती?"

"सगळीच. मास्तरांना कळू दिलं नाही मी."

मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण खरं सांगतो, त्याहून जास्त हेवा वाटला. माझ्या चुकांवरसुद्धा यानेच नाव कमावलं होतं.

दुपारभर स्टुलावर बसून मी ते एकच घड्याळ साफ केलं. तेल सुईच्या टोकाने, श्वास रोखून लावलं. मग कोरायची सुई उचलली.

"खूण करणार असशील तर महिनाभर राहावं लागेल," भिंग्या मान न वळवता म्हणाला. सुट्टीचं सोंग त्याने केव्हाच ओळखलं होतं.

मी त्रिकोण कोरला, तारीख घातली आणि बसू कुठे म्हणून विचारलं. त्याने चिमट्याने मागची खुर्ची दाखवली.

जाऊन बसलो. समोर त्याची पाठ, आणि तिच्यापलीकडे सगळा उजेड. नऊ वर्षं त्याने इथून माझी पाठ बघितली होती आणि एका शब्दाने काही बोलला नव्हता. मला ती पाच मिनिटंही बघवेना.