आक्कांना बाजूला बसवलं

आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, परभणीच्या दवाखान्यात वारल्या, त्याला आता महिना होत आला. तिथं नेलं त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि चिडून विचारलं, "अंगात रक्तच उरलं नाही. इतके दिवस काय करत होतात?" तर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाजूला बसवलं हुतं की तिला. कामाला हात लावू दिला न्हाई."

राणीसावरगावला आमच्या घरात पाळी आली की बाई मागच्या पडवीत बसते. तिचं ताट लांबून सरकवायचं, तिला शिवायचं नाही. उन्हाळ्यात आक्कांच्या लुगड्याला डाग दिसला आणि सासूबाईंनी पडवीकडं बोट केलं. पुन्हा दिसला, पुन्हा बोट. महिन्यातले निम्मे दिवस ही बाई पोत्यावर बसून. "वय झालं की लय जातं," हे सासूबाईंचं निदान. एरवी आक्का केवढ्या तोंडाळ! पाहुण्यांच्या चालण्याच्या नकला करून माझ्या भाकरी करपवायच्या. पण यावर गप्प. घागर उचलली की धाप लागायची, जीभ पांढरीफटक, आणि भिंतीचे पोपडे काढून खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "ग्वाड लागतंय गं."

शेवटी मी विटाळ बाजूला ठेवून त्यांच्याजवळ पडवीत जाऊन बसले, तेव्हा कुठं बोलल्या.

"सुमन, हे पाळीचं न्हाई. परसाकडंला बसलं की रगत पडायलंय."

"मग सांगत का नाही?"

"पाळी सगळ्यांलाच येती. ह्या जागेचं नाव कसं काढू?"

मी घरात सांगितलं. त्यांचे यजमान, आमचे थोरले भावजी, जेवता जेवता म्हणाले, "मूळव्याध असंल. आपोआप जाती." सासूबाईंना तर त्या जागेला डॉक्टर हात लावणार याचीच शिसारी. बाई हातची जाईल याचं काही नाही. भांडून एकदा निघालो, तर विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद. "बघ, देवालाच पटंना," म्हणत सासूबाईंनी आक्कांना परत पडवीत बसवलं. एसट्या चालू झाल्या तेव्हा आक्कांना उभं राहवत नव्हतं.

तेराव्याला बायका म्हणत होत्या, "सवाशीण गेली, भाग्याची हुती." किळस आली मला त्या भाग्याची. हसत्याखेळत्या बाईचं रक्त सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं आणि घरानं फक्त तिचं ताट लांब सरकवलं.

परवा माझी पाळी आली. सासूबाईंनी सवयीनं पडवीकडं बोट केलं. मी चुलीपुढं बसले, भाकरी थापल्या आणि सगळ्यांना हातानं वाढल्या. भावजींनी मान खाली घालून खाल्ल्या. सासूबाई ताटावरून उठल्या.

उठू देत.