मोटेच्या चामड्याचा वायसर

जत्रेतली फुगे फोडायची बंदूक वाकडी मारते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नेम चुकला की माणूस आधी नळीकडं बघतो, मग दुकानदाराकडं. स्वतःच्या हाताकडं बघायची रीत नाही.

मनुबाईचं दुकान असल्या संशयावर बारा वर्षं चाललं होतं. दुकान म्हणजे फुगे लावलेली एक फळी, वर कापडाचं पाल आणि एक छऱ्याची बंदूक. नळी मधोमध मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दबायची. मग छरा घालून नळी मिटायची आणि घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटली की तिच्यापुढचा दट्ट्या हवा रेटायचा आणि त्या हवेवर छरा उडायचा. दारू नाही, काडतूस नाही, नुसता वारा.

बाहेर उभं राहून ओरडायचं काम तिच्या नवऱ्याचं, नानासोचं. "या, या, नानासोची बंदूक!" हा आवाज पाटणपासून म्हसवडपर्यंत जत्रेजत्रेत ओळखीचा होता. आत बसून छरे भरायचं आणि बिघडलेली बंदूक नीट करायचं काम मनुबाईचं. हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. "लय डोकं हाय गड्या तुला," असं लोक नानासोला म्हणायचे आणि तो मिशीवरून हात फिरवायचा. बायकोचं नाव त्यानं लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातनं काढलं नव्हतं. सगळा संसार "अगं ए" वर चालला होता.

त्र्याहत्तर सालच्या सिद्धनाथाच्या यात्रेत मात्र गाडं अडलं. पलटणीतनं पेन्शनीवर आलेले हंबीरराव हवालदार जावयाला घेऊन पालावर आले, त्यांनी ऐटीत पाच छरे मारले आणि एकही फुगा फुटला नाही. जावई गालात हसला. हवालदारांनी बंदूक आदळली. "नळी वाकीवलीया हिची. लबाडाचा धंदा हाय ह्यो." तेवढ्यावर न थांबता ते यात्रेतल्या जागा वाटून देणाऱ्या आप्पासोंकडं गेले. आप्पासोंनी नानासोला बोलावून सांगितलं, "फुडच्या साली एक तक्रार आली, तर म्हसवडात पाल ठोकायचं न्हाई."

पाल कुठंही ठोकता येतं. पण म्हसवड मनुबाईचं माहेर. ज्या गावानं तिला परकरात बघितलं, त्याच गावात लबाड म्हणून शिक्का बसायचा, हे तिला सोसेना.

नानासोनं आपल्या परीनं उपाय केला. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं बंदुकीचं ज्ञान सगळ्यांनाच. रजेवर आलेल्या एकानं सांगितलं, हत्याराला तेल पाजावं. नानासोनं वर्षभर रोज संध्याकाळी हवेच्या भोकातनं तेल ओतलं. परिणाम असा की घोडा ओढला की धाडकन आवाज व्हायचा, नळीतनं धूर निघायचा आणि छरा देवाला ठाऊक कुठं जायचा. नानासो खूश. "जोर वाढलाय बघ."

"जोर न्हाई वाढला, त्याल जळतंय आत," मनुबाई म्हणाली. "दाबलेल्या हवेनं पेट घेतंय ते. तुमी आता बाटलीला हात लावायचा न्हाई."

दिवाळी झाल्यावर, यात्रा महिन्यावर आली तेव्हा, तिनं बंदूक खोलली. आतली स्प्रिंग दबून बसलेली असते. खिळी काढताना हात सुटला तर ती तोंडावर येते. म्हणून बंदूक लाकडाच्या ठोकळ्यावर उभी करून तिनं नानासोला वरनं रेटायला लावलं आणि खिळी काढल्यावर त्याला हळूहळू सैल सोडायला सांगितलं. नानासोनं भसकन सोडलं. स्प्रिंग उडून कोंबड्यांच्या खुराड्यात गेली आणि दोन दिवस कोंबडीनं अंडं दिलं नाही.

आतला कारभार बघून मनुबाईचं तोंड उतरलं. दट्ट्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर करपून चिरला होता. स्प्रिंगीची कंबर वाकली होती. नळीचा सांधा ढिला झाल्यानं नळी मिटली तरी डुगडुगत होती. म्हणजे हवालदार खोटं बोलले नव्हते. लबाडी नव्हती, पण बंदूक वाकडी मारत होती, हे खरं होतं. तिला रडू आलं. मग तिनं नाक पुसलं आणि कामाला लागली.

वायसर कसा असतो, ते तिला स्टोव्हनं शिकवलं होतं. पंपातला वायसर कोरडा पडला की स्टोव्ह हवा धरत नाही. ही बंदूकही तसलीच. माहेरी विहिरीवर इंजिन आल्यापासून बापाची मोट गोठ्यात लटकत होती. तिचं चामडं वर्षानुवर्षं करडईचं तेल प्यालेलं. मनुबाईनं त्यातली एक चकती कापली, कोमट पाण्यात भिजवली आणि दट्ट्या ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या तोंडात लाकडी गुट्टीनं दाबून तिला वाटीचा आकार दिला. वाळल्यावर तेल चोळलं आणि वरचं तेल निघावं म्हणून चार दिवस चुलीच्या राखेत पुरून ठेवली. सांध्यात पितळेच्या पत्र्याची पातळ चकती बसवली. स्प्रिंग वळून आणायला नानासोला कुपवाडला धाडलं. तो आपल्या मनानं दुप्पट जाड घेऊन आला. तिनं त्याला परत पाठवलं, या वेळी जुन्या स्प्रिंगीची तार नमुन्याला देऊन.

यात्रेच्या दिवशी हवालदार आले. सोबत आप्पासो आणि मागं ही गर्दी. हवालदारांनी बंदूक हातात घेतली आणि खिशातनं तेलाची बाटली काढली. मनुबाईनं हवेच्या भोकावर तळहात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, हवालदार. ही वाऱ्यावर चालती. त्याल पाजलं की बिघडती."

उभ्या यात्रेत बाईमाणसानं फौजी माणसाला बंदूक शिकवायची. लोक चपापले. तिनं फळीवर कागद लावला, त्यावर कुंकवाचा ठिपका दिला, ज्वारीच्या पोत्यावर बंदूक टेकवली आणि पाच छरे मारले. आप्पासोंनी कागद उतरवून बघितला. ठिपक्याच्या जागी एकच भोक होतं, अंगठ्याखाली झाकेल एवढं.

आता हवालदारांची पाळी. पहिला छरा हुकला. हवालदारांनी नळी हलवून बघितली, ती हलेना. मग खडखडीत आवाजात म्हणाले, "बंदूक सरळ हाय. हात माझा हलला." आणि पुढचे चार फुगे त्यांनी ओळीनं फोडले.

मनुबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. वर्षभराचं ओझं उतरलं होतं.

आप्पासोंनी नानासोच्या पाठीवर थाप मारली. "झकास दुरुस्ती केलीस रं. जागा तुझीच."

नानासोचा हात सवयीनं मिशीकडं गेला आणि मधेच थांबला. त्यानं पालाकडं बघितलं. मग तो बाहेर जाऊन नेहमीच्या जागी उभा राहिला आणि बारा वर्षांची आरोळी त्यानं बदलली.

"या, या, मनुबाईची बंदूक! सरळ मारती, मनुबाईची बंदूक!"

आत मनुबाईनं पदर तोंडाला लावला आणि पुढचा छरा भरला.